स्मृती-चिप पुसणारी पेटी : स्वस्ताई आणि सुरक्षितता

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि मोजमापाच्या यंत्रांचे महत्त्व मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांनाही उमगले. त्या पिढीतील अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा, नोंदयंत्रांचा व तंत्रनिकेतनांतील ८०८५ शिक्षणसंचांचा कार्यक्रम 'ईप्रॉम' नावाच्या चिपमध्ये साठविलेला असे. अशी यंत्रे अद्याप काही प्रयोगशाळांत व दुरुस्तीच्या दुकानांत आढळतात. त्यांचा कार्यक्रम बदलावयाचा झाल्यास चिप आधी पुसावी लागते.

१९७१ साली इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमान यांनी ही चिप सिद्ध केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची लहानशी खिडकी असते. तीतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण आत गेले की साठलेला विद्युत्‌भार निघून जातो. याकरिता दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः १५ वॅट-सेकंद इतकी मात्रा लागते. चांगला दिवा इंचभर अंतरावर असल्यास हे काम सुमारे २० मिनिटांत होते. मराठवाड्याच्या उन्हात चिप ठेवून ती पुसावी, ही कल्पना मोहक खरी. परंतु उत्पादकांच्या अंदाजानुसार थेट उन्हात त्यास आठवडा लागतो.

स्वस्त पेट्यांची मेख दिव्यातच असते. काहींत जांभळा प्रकाश देणारी साधी नळी किंवा दिवे बसविलेले असतात. डोळ्यांना झगमगाट दिसतो, चिप मात्र तशीच राहते. खरे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा फिकट निळसर उजेड. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ पार होत नाहीत, म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची किंवा तशाच खास काचेची असावी लागते. अर्धवट पुसलेली चिप तर अधिक घातक होय. तपासणीत ती कोरी दिसते व पुढे ऊष्मा वाढताच किंवा विद्युत्‌दाब बदलताच चुकीचे वाचन देते. म्हणून चिप प्रथम कोरी दिसण्यास जेवढा वेळ लागला, त्याहून बराच अधिक वेळ ती दिव्याखाली ठेवणे इष्ट.

दुसरा प्रश्न माणसाच्या डोळ्यांचा. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार या किरणांची आठ तासांतील मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे. ईप्रॉम पुसणाऱ्या दिव्याजवळ ती अवघ्या अर्ध्या सेकंदात ओलांडली जाते! उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहणाऱ्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, तोच हा विकार. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो. ज्या पेटीचे झाकण उघडताच दिवा आपोआप विझत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. कप्प्याच्या फटीतून उजेड बाहेर येत असल्यास पेटी परत करावी. धातूच्या पेटीस भूसंपर्कासह तीन तारांची जोडणी असणेही आवश्यक आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळांपुरता नाही. २०२० मध्ये करोनाकाळात हाच किरण वापरणाऱ्या निर्जंतुकीकरण पेट्या व दिवे बाजारात आले. हात किंवा त्वचा निर्जंतुक करण्यासाठी असे दिवे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितले होते. ग्रामपंचायत कार्यालयात वा शाळेत अशी पेटी पडून असल्यास ती सुरू करण्यापूर्वी झाकणाचा स्विच अवश्य तपासावा. नळी फुटल्यास खोलीची दारे-खिडक्या उघडून सर्वांनी काही वेळ बाहेर जावे; पारा असल्यामुळे तुकडे झाडूने लोटू नयेत, जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत ठेवावेत.