गुरांच्या रक्तांतील चुन्याचें आधिक्य

व्यालेली गाय आडवी पडली म्हणजे तिच्या रक्तांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी झाला असावा, हें बहुतेक शेतकरी जाणतात. परंतु तोच चुना वाजवीपेक्षां वाढल्यानेंही जनावर नासतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं नसते.

याचें ठळक उदाहरण आर्जेंटिनांतील आहे. ब्वेनोस आयरेस प्रांताच्या सखल, पाणथळ कुरणांत गुरांस ‘एन्तेके सेको’ नांवाचा रोग होतो. चारा भरपूर असूनही जनावर खंगत जातें, पाठीस पोक येतें, पाय ताठतात, आणि चार पावलें टाकतांच तें धापा टाकीत उभें राहतें. मेल्यावर चिरून पाहिल्यास हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या धमनींत व फुप्फुसांत चुन्याचे खरखरीत थर आढळतात.

या रोगाचें मूळ वांग्याच्या कुळांतील एका झुडपांत आहे. त्याचा हिरवा पाला गुरें सहसा तोंडीं लावीत नाहींत. गळलेलीं पानें मात्र गवताबरोबर पोटांत जातात. त्या पानांत ‘ड’ जीवनसत्त्वाचें अगदीं तयार, कार्यक्षम रूप असतें. एरवीं हें रूप मूत्रपिंड जरुरीपुरतेंच बनवितें व रक्तांत चुना पुरेसा होतांच हात आखडतें. बाहेरून तयार माल आला म्हणजे हा लगाम राहत नाहीं. आंतडें वैरणींतील चुना व स्फुरद बेसुमार शोषूं लागतें. निरोगी गाईच्या रक्तरसांत दर 100 मिलिलिटरमागें चुना सुमारें 8 ते 10 मिलिग्रॅम असतो. तो याहून वर चढला कीं मऊ अवयवांत सांचूं लागतो.

रातराणीच्या जातींतील, दिवसा सुवास देणारें ‘दिन का राजा’ हें झुडूप आपल्याकडे बागांत लावतात. त्याच्या पाल्यांतही हाच गुण आहे. अमेरिकेंतील फ्लॉरिडांत तो खाऊन घोडे आजारी पडल्याचें 1975 मध्यें प्रसिद्ध झालें. कुंपण छाटल्यावर तो पाला गव्हाणींत टाकूं नये.

आमच्या मतें याहून मोठा धोका सुईचा आहे. दूध वाढेल या आशेनें ‘ड’ जीवनसत्त्व वरचेवर टोचलें जातें. तें चरबींत सांठून कित्येक आठवडे अंगांत राहतें. शिरेंतून कॅल्शियम घाईनें सोडल्यास तर हृदय जागच्या जागीं बंद पडतें. सांचलेला चुना विरघळविणारें खात्रीचें औषध नाहीं. कुरण बदलल्यास कांहीं जनावरें सांवरतात, पण कडक झालेली धमनी पूर्ववत् होत नाहीं. म्हणून पशुवैद्यानें तपासल्यावांचून, केवळ अंदाजानें, पडलेल्या गाईस चुना टोचूं नये.