स्किमर निवडताना फेसाकडे पाहा

घरातल्या गोड्या पाण्याच्या फिशटँकला कुणी प्रोटीन स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं उपकरण, लावत नाही. समुद्री मासे ठेवायचे म्हटलं की मात्र त्याचं नाव लगेच निघतं. हा फरक मिठामुळे पडतो. गोड्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडले तर वर येता येता ते एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि फुटतात. समुद्राच्या पाण्यात ते बारीकच राहतात, इतके की पाणी दुधाळ दिसतं. हे सगळ्याच क्षारांना जमत नाही. व्हिन्सेंट क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की कोणता धन आयन कोणत्या ऋण आयनाच्या जोडीला आहे, यावर ते ठरतं. आपलं साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, बुडबुड्यांना वेगळं ठेवणाऱ्या जोड्यांपैकी एक आहे. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला मोठा वाटा या मिठाचाच असतो.

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि शेवाळाचे स्राव यांतून प्रथिनं आणि मेदाम्लं पाण्यात उतरतात. यातल्या बऱ्याच रेणूंचा एक भाग पाण्याला धरून असतो, दुसरा पाणी टाळू पाहतो. हवेचा बुडबुडा भेटला की हा दुसरा भाग हवेकडे वळतो आणि रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. असे लाखो बुडबुडे वर जमले की घट्ट फेस होतो, तो नळीतून, म्हणजे स्किमरच्या गळ्यातून, चढून वरच्या कपात पडतो. गुऱ्हाळात उकळत्या रसावर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, तसंच हे काम. फक्त इथे चुलाणाऐवजी हवा आहे. कपात साचणारं तपकिरी, उग्र वासाचं पाणी पाहिलं की एरवी स्वच्छ दिसणाऱ्या टँकमध्ये काय विरघळलेलं असतं ते कळतं.

बुडबुडा जितका लहान, तितकं काम जास्त. एक लिटर हवेचे ५ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचं एकूण पृष्ठफळ १.२ चौरस मीटर भरतं. तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर ते १२ चौरस मीटर होतं. म्हणून चांगल्या स्किमरच्या पंपात पात्यांऐवजी सुयांसारखे काटे असलेलं चाक असतं. ते हवा चिरडून बारीक करतं. अगदी लहान टँकसाठीचे काही स्किमर एअर पंप आणि लाकडी एअरस्टोनवर चालतात. ते स्वस्त आणि साधे असतात, पण एअरस्टोनची छिद्रं बुजत जातात, बुडबुडे जाड होतात आणि तो वरचेवर बदलावा लागतो.

आता खरेदीकडे येऊ. खोक्यावर ‘इतक्या लिटरपर्यंत’ असा आकडा छापलेला असतो. त्यावर विसंबू नका, कारण तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. साठ लिटर पाण्यात दोन क्लाउनफिश असणं वेगळं आणि सहा भरपेट खाणारे मासे असणं वेगळं. स्किमर पाण्याच्या मापाला नाही, घाणीच्या मापाला पुरायला हवा.

‘मोठा घेतला तर जास्त साफ करेल’ हा समजही लहान टँकला महाग पडतो. फेस टिकायला त्याला पुरेशी प्रथिनं लागतात. रुंद गळ्याच्या स्किमरला लहान टँकमधून तेवढा माल मिळत नाही, फेस अर्ध्या वाटेतच विरतो आणि कप कोरडा राहतो. लहान टँकला अरुंद गळा आणि बारीक, दाट बुडबुडे हवेत. दुकानात दोन स्किमर शेजारी असतील तर मी आधी गळ्याचा व्यास बघेन, मग हवा कमी-जास्त करायची सोय, मग कप एका हाताने निघतो का ते. धुवायला अवघड कप कुणी नियमित धूत नाही आणि गळ्याला चिकट थर बसला की फेस वर चढत नाही.

पण त्याआधीचा प्रश्न विचारायलाच हवा: स्किमर लागतो का? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९च्या सुमारास स्किमरच्या कामगिरीची मोजमापं केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकले. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटणारेच नव्हते. अमोनिया आणि नायट्रेट तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. प्रथिनं कुजून अमोनिया होण्याआधी त्यांतली काही बाहेर काढायची, एवढीच त्याची कामगिरी.

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तितकाच उंच टँक म्हणजे जेमतेम ५५ लिटर. त्यातलं दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं तर पाच-सहा लिटर खारं पाणी कालवावं लागतं. एका बादलीचं हे काम नायट्रेटही कमी करतं, जे स्किमरला जमत नाही. तीनशे लिटरच्या टँकमध्ये असं पाणी बदलणं जिकिरीचं होतं, तिथे स्किमर खरा उपयोगी.

तरीही लहान टँकमध्ये त्याची एक बाजू मला मोलाची वाटते, ती हवेची. उन्हाळ्यात पाणी तापतं तसा त्यातला ऑक्सिजन घटतो. स्किमर सतत हवा घुसळत राहतो. खोली एसीसाठी बंद असेल तर मात्र आतला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात जातो आणि पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेली की फरक पडतो.

वीज वारंवार जाते तिथे आणखी एक काळजी घ्या. टँकखाली दुसरी टाकी असेल आणि स्किमर तिच्यात बसवला असेल तर वीज गेल्यावर वरचं पाणी तिथे उतरतं, पातळी वाढते आणि वीज आल्यावर बुडालेला स्किमर भसाभस फेस ओततो. कप भरला की थांबणारी सोय किंवा जादा पाणी नेणारी नळी असलेला स्किमर अशा घरात जास्त पैसे देऊनही घ्यावा. नवा स्किमर पहिले काही दिवस वेडावाकडा चालतो, लगेच परत करायला धावू नका.

माझं मत सांगतो. साठ लिटरपर्यंत टँक आणि दोन-तीन लहान मासे असतील तर आधी चांगलं मीठ, आरओचं पाणी आणि पाण्याची घनता मोजायचं साधन यांवर खर्च करा. शंभर लिटरच्या आसपास असाल, मासे जास्त असतील किंवा दर आठवड्याला पाणी बदलणं जमत नसेल, तर काचेला टांगायचा, सुयांच्या चाकाचा, अरुंद गळ्याचा छोटा स्किमर घ्या आणि त्याचा कप दोन-तीन दिवसांनी धुवा.