प्रमोशन? नको गं बाई!

बँकेत जा, विमा कार्यालयात जा, पंचायत समितीत जा. पुरुषाला बढतीचं पत्र आलं की संध्याकाळपर्यंत पेढे येतात. बाईला आलं की ती पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते, "बदली कुठे?" पेढ्यांचं नंतर बघू! बऱ्याचदा ते पेढे येतच नाहीत. चार दिवसांनी साहेबांच्या टेबलावर एक अर्ज येतो, 'घरगुती अडचणीमुळे मी बढती स्वीकारू शकत नाही.' हा अर्ज मी नोकरीत इतक्या वेळा वाचलाय की मजकूर तोंडपाठ झालाय. गंमत म्हणजे 'घरगुती अडचण' हे शब्द पुरुषांच्या अर्जात क्वचितच दिसले. त्यांच्या घरी अडचणी नसतात असं थोडंच आहे? त्या निस्तरायला घरी कुणीतरी असतं, एवढंच.

मैत्रिणींनो, हा टोमणा नाही हं. ज्यांनी बढती नाकारली त्यांच्यातल्या काहीजणींचा निर्णय अगदी विचारपूर्वक होता, आणि त्या सुखात आहेत. माझं म्हणणं वेगळंच आहे. हा निर्णय घ्यायला बसताना आपण हिशेब अर्धाच मांडतो. काय सुटणार याची यादी लगेच तयार असते. मुलांची शाळा, सासूबाईंचं दुखणं, सणवार, कुळाचार... काय मिळणार याच्या रकान्यात मात्र 'पगारात थोडीशी वाढ' एवढंच लिहितो आणि वही मिटतो.

मी १९९२ साली बीएसआरबीची परीक्षा देऊन बँकेत क्लार्क म्हणून लागले. (हे भरती मंडळ २००१ नंतर राहिलं नाही.) घर वाईत, नोकरी वाईत. गावात हेवा वाटावा अशीच परिस्थिती! १९ वर्षं काउंटरवर काढली. जाड लेजरांपासून संगणकापर्यंत सगळं शिकले. २०११ मध्ये अधिकारीपदाची बढती मिळाली आणि बदली झाली माणदेशात, म्हसवडच्या बाजूला. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. ह्यांची हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी. सासूबाईंचे गुडघे दुखणारे.

त्या रात्री आम्ही दोघं वही-पेन घेऊन बसलो. पगारातला फरक पहिल्या महिन्यात फार नव्हताच. तिकडे खोलीचं भाडं आणि एसटीचा खर्च वजा केला तर हातात जवळपास तेवढेच उरत होते. बहुतेकजणी इथेच थांबतात. पण ह्यांनी विचारलं, "रिटायर होताना काय फरक पडेल?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या पेन्शनचा हिशेब शेवटच्या दहा महिन्यांच्या पगाराच्या सरासरीवर होतो. म्हणजे आज घेतलेली पायरी नोकरी संपल्यावरही मरेपर्यंत सोबत राहते. क्लार्कची वेतनश्रेणी जिथे अडते, तिथून पुढे अधिकाऱ्याची चालू राहते. वीस वर्षांचा आकडा मांडला तेव्हा 'थोडीशी वाढ' ही काही थोडीशी दिसेना. (एप्रिल २०१० पासून बँकेत लागलेल्यांना ही पेन्शन नाही, त्यांना एनपीएस. त्यातही वर्गणी पगाराच्या प्रमाणात कापली जाते, तेव्हा मुद्दा तोच.)

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला अजून भाकरी येते. तुझं काय ते बघ." नणंदेने मात्र फोनवर विचारलंच, "पोरांना टाकून जाणार तू, वहिनी?" ह्यांची बदली कोकणात झाली होती तेव्हा हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी पहाटे पाचची एसटी. साताऱ्याला उतरून पंढरपूरची गाडी पकडायची. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत साडेनवाच्या सुमारास मुक्कामी. तेव्हा शनिवारी अर्धा दिवस बँक असायची, त्यामुळे शनिवारी रात्री घरी. रविवार कसा जायचा ते कामावर जाणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको. धुणं, दळण, आठवड्याच्या चटण्या आणि मुलांच्या तक्रारींचं निवारण!

शाखेत पहिल्या आठवड्यात एक आजोबा आले. "सायेब कुठायत?"
"बोला आजोबा, मीच आहे."
"तसं नव्हं बाई. मोठं सायेब."
"मॅनेजर साहेब साताऱ्याला गेलेत. कर्जाचं मीच बघते."
आजोबा अर्धा तास बाकावर बसून राहिले. मग उठले, आले, आणि कागद पुढे केले. सातबारा, आठ अ, सोसायटीचा दाखला, सगळं नीट पिशवीत गुंडाळलेलं. पुढच्या वर्षी तेच आजोबा दुसऱ्या माणसाला सांगत होते, "बाईकडंच जा, लवकर हुतंय."

मला कामाचं समाधान म्हणजे काय ते इथे कळलं. काउंटरवर समाधान नव्हतं असं नाही. संध्याकाळी कॅश जुळली, एका रुपयाचाही फरक आला नाही, की बरं वाटायचं. पण ते सुटल्याचं समाधान असायचं. उद्या तीच कॅश, तीच रांग. इथे फाइलवर माझी सही होती आणि त्या सहीने कुणाच्या तरी दारात शेळ्या येत होत्या.

टेबलाच्या खणात एका बचत गटाचा कर्जाचा अर्ज आठ महिने पडून होता. कारण काय, तर बाराजणींपैकी सातजणी अंगठेवाल्या. आधीच्यांनी 'चौकशी करावी' असा शेरा मारून ठेवलेला. नियमात अंगठ्याला मनाई नव्हती, फक्त साक्षीदार घेऊन रीतसर कागद करायचे होते. बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केला होता. गट कसा पारखायचा याची पंचसूत्रीही ठरलेली आहे : नियमित बैठका, नियमित बचत, आपसात कर्ज देणं, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब. मी गावात गेले, वह्या बघितल्या. हिशेब आठवीतली एक मुलगी लिहीत होती, आईच्या शेजारी बसून. खाडाखोड एक नाही. एकीचाही हप्ता चुकलेला नाही. अजून काय चौकशी करायची होती?

कर्ज मंजूर झालं. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. माणमध्ये जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. त्या गटाचेही दोन हप्ते मागेपुढे झाले, मला वरून विचारणा झाली, रात्री झोप लागेना. पण गट फुटला नाही, नि पैसे बुडाले नाहीत. माणदेशी बायकांचं हे बळ बाकीच्यांनीही पाहिलेलं आहे. म्हसवडलाच १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. त्या मातीत काम करताना माझी बदलीची कुरकुर मलाच जरा लहान वाटायला लागली.

आता किंमतही सांगते, नाहीतर गोष्ट खोटी वाटेल. मुलगी दहावीला होती ते वर्ष म्हणजे मार्च २०१३. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आणि बँकेचं मार्चएंडही मार्चमध्येच! मला दहा दिवसांची रजा हवी होती, चार दिवसांची मिळाली. भूमितीच्या पेपरला मी घरी नव्हते. तिला मार्क चांगले पडले, आज ती स्वतः नोकरी करते, पण तो भूमितीचा पेपर ती अजून काढते. काढू दे. तिचा तेवढा हक्क आहे. ह्याच तीन वर्षांत ह्यांना कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा ते कळलं आणि मुलगा स्वतःचा डबा स्वतः भरायला शिकला, हेही तितकंच खरं.

आमच्या वाईच्या शाखेतल्या हेडकॅशिअर बाईंनी मात्र दोनदा बढती नाकारली. त्यांना गाव सोडायचं नव्हतं. संध्याकाळी त्या ग्रंथालयाचं काम बघतात, आणि कॅशवर बसलेल्या असताना कुणाचं वजन त्यांच्यावर चालत नाही. हा त्यांचा निर्णय होता नि त्यांना त्याची हळहळ नाही. दुसऱ्या एका मैत्रिणीने नाकारली त्याचं खरं कारण अर्जात नव्हतं. तिचे मिस्टर दुसऱ्या कार्यालयात क्लार्क होते. बायको ऑफिसर झालेली त्यांना चालणार नव्हती. ती आजही 'घरगुती अडचण' असंच म्हणते. दोघींचे अर्ज शेजारी ठेवले तर एकसारखेच दिसतील. दोघींचे चेहरे मात्र एकसारखे नाहीत.

"तुम्हाला जमलं हो, घरचे चांगले होते," असं मला हमखास ऐकवलं जातं. होते, खरंच होते. पण बढती काही पत्र आलं त्या दिवशी सुरू होत नाही. बायकांना वर्षानुवर्षं पासबुक भरणं, चेकबुक देणं, आवक-जावक असल्याच टेबलांवर बसवतात. साहेब प्रेमाने म्हणतात, "मॅडम, तुम्हाला सोपं काम दिलंय, साडेपाचला सुटाल." ह्या प्रेमापासून जरा सावध! सोप्या टेबलावर शिकायला काही मिळत नाही, आणि मग मुलाखतीत 'कर्जाचा अनुभव?' असं विचारलं की आपण गप्प. टेबल बदलून मागायचं, तेही लेखी मागायचं. मी कर्ज विभाग दोन वर्षं मागत होते तेव्हा मिळाला.

बँकेतल्या मुलींनी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी ह्या परीक्षा लवकरात लवकर देऊन टाकाव्यात. क्लार्कला पहिलीसाठी एक आणि दुसरीसाठी दोन वेतनवाढी मिळतात, बढती घ्या अगर घेऊ नका. लग्नाआधी झाल्या तर उत्तमच, पण मी दुसरी परीक्षा मुलगा बालवाडीत असताना दिली. पहाटे चार ते सहा अभ्यास. त्या वेळेला घरात कुणालाच काही सापडत नसतं, त्यामुळे हाकही येत नाही!

राज्य सरकारी नोकरीतल्या भगिनींनी एक गोष्ट जरूर तपासावी. आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते, पण बढती नाकारली तर ह्या लाभावर पाणी सोडावं लागतं. नाही म्हणायचंच असेल तर आस्थापना शाखेत जाऊन नियम वाचून मग नाही म्हणा. मुलांच्या परीक्षा-आजारपणासाठी आता हाताशी काहीतरी आहेही. केंद्र सरकारच्या नोकरीत २००८ पासून पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आपल्या राज्यात २०१८ पासून १८० दिवसांची. आमच्या वेळी हे नव्हतं. सरकारी बँकांनाही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कळवलं, की बदल्या करताना महिलांना शक्यतो जवळच्या ठिकाणी सामावून घ्यावं. 'शक्यतो' ह्या शब्दात बरंच काही मावतं, हे खरं. म्हणून विनंतीचा अर्ज यादी निघायच्या आधी द्यायचा, सोबत वैद्यकीय कागद किंवा मुलाच्या शाळेचा दाखला जोडून. यादी लागल्यावर गेलात तर 'प्रशासकीय अडचण' हे उत्तर ठरलेलं.

अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मध्ये ३६ वर्षं गेली. त्यांच्या काळात स्टेट बँकेत मुलांसाठी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी महिलांना दोन वर्षांपर्यंत नोकरीतून विश्रांती घेण्याची सोय झाली. ते प्रश्न ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनाच हे सुचलं, असं माझं मत.

राहिल्या खासगी नोकरीतल्या मुली. पतसंस्था, लॅब, शोरूम, खासगी शाळा... आपल्या गावांत सगळ्यात जास्त मुली इथेच आहेत आणि त्यांना बढती हा शब्दही परका. तिथे पहिली पायरी म्हणजे नेमणुकीचं पत्र. तोंडी नोकरीला वाढ मागायची तरी कशाच्या आधारावर? पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून आहे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ती लागू होते, पण आदल्या वर्षात ८० दिवस काम केल्याचं दाखवता आलं पाहिजे. म्हणजे पुन्हा हजेरीपट आणि पगाराची पावती. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर मागून घ्या आणि मोबाइलवर पासबुक बघत जा. माझ्या भाचीच्या पगारातून चौदा महिने पैसे कापले गेले होते, भरले एकदाही नव्हते. भांडण न करता तिने पासबुकाची प्रत आणि पगाराच्या पावत्या मालकांसमोर ठेवल्या. दीड महिन्यात सगळे भरले गेले. आता हिशेबाचं टेबल तिच्याकडे आहे.