तळ्याकांठीं तीन पिढ्या

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली कीं शहरांतील घराघरांतून एकच खल सुरू होतो : यंदा जावयाचें कोठें? मुलांना पाणी हवें असतें, तरुणांना मोकळीक हवी असते, आणि वडीलधाऱ्यांना थोडी थंड हवा व निवांत बसावयास एखादी सावली मिळाली तरी पुरते. या तिन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणारें स्थळ म्हणून डोंगरावरील तळ्याकडे सर्वांचें लक्ष वळतें. समुद्रकिनारा मे महिन्यांत घामानें नकोसा होतो. नुसत्या डोंगरावर मुलें दुसऱ्याच दिवशीं कंटाळतात. तळें मात्र प्रत्येकास कांहीं ना कांहीं देतें. कल्पना उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत आजोबा सत्तरीपलीकडे गेले आहेत, आजींचे गुडघे कुरकुरत आहेत आणि नातवंडांतील धाकटें नुकतेंच पळूं लागलें आहे, त्या घरानें तळ्याची निवड केवळ चित्रावरून केली तर बहुधा असें होतें कीं, तरुण मंडळी नावेंत बसतात आणि आजीआजोबा चार दिवस खोलीच्या खिडकींत बसतात. वर्षभर मनांत जपलेला प्रवास संपतो, आणि त्या दोघांनीं तळ्याच्या पाण्याला हातहि लावलेला नसतो. म्हणून निवडीचा आरंभ तळ्यापासून न करतां घरांतील सर्वांत मंद चालणाऱ्या माणसाच्या पावलांपासून करावा.

तत्पूर्वीं एक समज दूर केला पाहिजे. तळें असेल तेथें थंडावा असतो, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक थंडावा मिळतो तो उंचीमुळें. दर हजार मीटर चढावर हवेचें तपमान सामान्यतः सहा ते साडेसहा अंशांनीं उतरतें. तळ्यावरून येणारी झुळूक कांठावर बसलेल्याला क्षणभर सुखविते खरी, पण गांवाची हवा बदलण्याचें सामर्थ्य तिच्यांत नसतें. गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांध किंवा रामटेकजवळचें खिंडसी हीं दोन्हीं जलाशयें विस्तीर्ण आणि रमणीय आहेत. तथापि मे महिन्यांत विदर्भाच्या सपाटीवर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर चढलेला असतां तेथील पाण्याचें दर्शन डोळ्यांपुरतेंच गार असतें. तीं स्थळें हिवाळ्याचीं. उन्हाळ्यांतच जावयाचें असेल तर नागपूर-अमरावतीकडील कुटुंबानें चिखलदऱ्याचा विचार करावा. तें सुमारें अकराशें मीटर उंचीवर आहे, आणि तेथें शक्कर तलावहि आहे.

याच गोष्टीचें याहून बोलकें उदाहरण सातारा जिल्ह्यांत आहे. महाबळेश्वर सुमारें १३७० मीटर उंचीवर वसलें आहे. तेथून पंचवीस-तीस किलोमीटर वळणें घेत उतरलें कीं कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कांठीं तापोळा हें गांव लागतें. जलाशय तुडुंब भरला असतांहि त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ६६० मीटरच असते. म्हणजे दोहोंमध्यें सातशें मीटरांचें अंतर, आणि हवेंत चार-साडेचार अंशांचा फरक. तापोळ्याचें पाणी महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याहून कितीतरी विशाल आहे. दुपारीं दोन वाजतां मात्र ज्याच्या छातींत धाप लागते अशा वृद्धास त्या विशालतेपेक्षां वरचे चार अंशच अधिक मोलाचे वाटतील.

आतां पाण्याकडे वळूं. सह्याद्रींतील तळीं बहुतेक माणसानें बांधलेलीं आहेत. वेण्णा तळें सातारचे छत्रपति अप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं बांधविलें. भंडारदऱ्याचें विल्सन धरण, ज्याच्या जलाशयास आर्थर सरोवर म्हणतात, तें १९१० ते १९२६ या काळांत प्रवरेवर उभें राहिलें. कोयनेचें धरण १९६० नंतरच्या दशकांतलें. हीं सारीं पावसाळ्यांत भरतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पिण्यासाठीं, शेतीसाठीं किंवा विजेसाठीं रितीं होत जातात. तेव्हां मे महिना म्हणजे त्यांच्या वर्षांतला सर्वांत रिता महिना. जाहिरातींतलीं निळींशार चित्रें बहुधा पावसाळा सरतांसरतां टिपलेलीं असतात. भंडारदऱ्याचें पाणी प्रवरेच्या कालव्यांवाटे खालच्या शेतांस जात असतें. त्यामुळें उन्हाळा वाढूं लागला कीं पाण्याची रेषा खालीं सरकते आणि झाडांची सावली व पाणी यांच्यामध्यें उघड्या उताराचा एक रुंद पट्टा पडतो. त्यावर कोठें दगडगोटे असतात, कोठें भेगाळलेला गाळ. तरुणांस तो पट्टा मिनिटा-दोन मिनिटांचा. काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांना तोच दुस्तर होतो, आणि तीन वर्षांच्या नातवाला तो धांवण्याचें मैदान वाटतो.

खरा धोका या शेवटच्या गोष्टींतच आहे. धरणाचें तळें म्हणजे बुडालेलें खोरें. त्याचा तळ ताटासारखा हळूहळू खोल होत जात नाहीं. पाण्याखालीं जुन्या शेतांचे बांध असतात, ओढ्यांचे काठ असतात, नदीचें मूळ पात्र असतें. गुडघाभर पाण्यांत उभा असलेला माणूस पुढच्या पावलीं गळ्याइतक्या पाण्यांत जाऊं शकतो. गाळांत पाय रुतला म्हणजे पोहणाराहि घाबरतो. आणि सहलींत घडतें काय, तर तरुण मंडळी नावेंत चढतांना मूल आजीआजोबांच्या स्वाधीन करून जातात. ज्यांना उतारावरून उतरणेंच कठीण, त्यांनीं त्याच उतारावर धांवणाऱ्या मुलामागें कसें धांवावें? ही योजना वडिलांच्या मायेचा मान राखीत असेल, पण त्यांच्या वयाचा राखीत नाहीं. पाण्याकांठीं मुलाचा हात धरणारा माणूस हा त्या घडीस त्या पाण्यांत उतरूं शकणाराच असला पाहिजे. नावेंत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असलें पाहिजे, आणि मुलाच्या मापाचें जाकीट नावाड्याजवळ नसेल तर ती नाव सोडावी, दुसरी मिळते.

या दृष्टीनें पाहिलें तर माथेरान हें मोठें विचित्र स्थळ आहे. १९०७ पासून नेरळहून वर चढणारी छोटी आगगाडी, तांबड्या मातीच्या वाटा, सुमारें आठशें मीटरांची उंची आणि गांवांत मोटारींस बंदी, यांमुळें मुलांसाठीं इतकें निर्धास्त गिरिस्थान महाराष्ट्रांत दुसरें नाहीं. शार्लट तळें दाट झाडींत आहे, जवळच पिसरनाथाचें देऊळ आहे. परंतु तेथील पाणी गांवाच्या पिण्याचें. पोहण्यास मनाई आहे, आणि तें योग्यच आहे. मुलांना पाण्यांत खेळावयाचें असेल तर त्यांचा हिरमोड होईल. शिवाय वृद्धांचा प्रश्न उरतोच. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून अमन लॉज स्थानकाची छोटी गाडी मिळाली तर उत्तम; एरवीं अडीच-तीन किलोमीटर पायीं किंवा घोड्यावर. माणसानें ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं दिला आणि त्यांच्या जागीं विजेवरच्या रिक्षा आणण्यास सांगितलें. माणसानें माणसाला ओढीत न्यावें ही प्रथा जावयासच हवी होती. निघण्यापूर्वीं मात्र विजेची रिक्षा उतरण्याच्या ठिकाणापर्यंत येते कीं नाहीं, याची चौकशी हॉटेलवाल्याकडे करून ठेवावी. एकदां आजी तळ्यापर्यंत पोंचल्या कीं बाकी सर्व माथेरान त्यांच्या चालीनेंच चालतें, ही त्या गांवाची खुबी आहे.

महाबळेश्वरची गोष्ट याच्या अगदीं उलट. वेण्णा तळें पांचगणीकडून येणाऱ्या हमरस्त्याला लागूनच आहे. मोटारींतून उतरून सपाटीवरून थोडीं पावलें चाललें कीं पाणी. आजोबांनीं कांठीं बसावें, कणसाचे दाणे किंवा दांत नसतील तर आईस्क्रीम खावें, आणि समोरच्या नावेंत नातवंडें कशीं ओरडतात तें पाहावें. बसल्या जागेवरून पाण्याशीं संबंध राहणें, हा या तळ्याचा मोठा गुण आहे, आणि वडील माणसें असलेल्या कुटुंबासाठीं तो दृश्याच्या भव्यतेहून अधिक महत्त्वाचा मानावा. दोषहि त्याच रस्त्याचा. मे महिन्यांत, विशेषतः शनिवार-रविवारीं, गाड्यांची रांग तळ्यापासून मागें लांबत जाते. उन्हांत थांबलेल्या मोटारींत लहान मूल रडतें आणि वृद्धांचे पाय सुजतात. सोमवारीं चढावें, शुक्रवारच्या आंत उतरावें. सुटी सर्वांचीच असेल तर हें जमण्यासारखें आहे. मुंबईकरांनीं पोलादपूरवरून आंबेनळी घाटाचाहि विचार करावा, मात्र ज्यांस वळणांनीं मळमळतें त्यांना पुढच्या बैठकीवर बसवावें. तापोळ्यास तरुणांनीं सकाळीं लवकर जाऊन जेवणाच्या वेळेपर्यंत परत यावें. तेथें सर्वांनीं मिळून जाण्याचा हट्ट धरूं नये. एकत्र कुटुंब म्हणजे प्रत्येक क्षण एकत्र, असा अर्थ कोणीं लावला कोण जाणे.

परप्रांतांतील तळ्यांत कोडाईकनालचें तळें वृद्धांच्या दृष्टीनें आदर्श म्हणावें लागेल. मदुरेचे कलेक्टर व्हेअर लेव्हिंज यांनीं १८६३ सालीं तें तयार करविलें. त्याच्याभोंवतीं सुमारें पांच किलोमीटरांचा बहुतांशीं सपाट रस्ता आहे, आणि त्यावर थकेल तेथें बसतां येतें. नैनितालचें सरोवर निसर्गनिर्मित, आणि त्याच्या एका कांठानें तल्लीतालपासून मल्लीतालपर्यंत सरळ हमरस्ता जातो. परंतु दोन्हीं ठिकाणीं जाण्यायेण्यांतच सुटीचा मोठा भाग खर्चीं पडतो, आणि आगगाडींतून उतरल्यावर लांबचा घाट चढावा लागतो. कोडाईकनालसाठीं मे २०२४ पासून वाहनांना ई-पास लागू झाला. त्याचे नियम निघण्यापूर्वीं पाहावे. हीं गांवें दोन हजार मीटरांच्या आसपास आहेत. उंचीचा विकार सामान्यतः अडीच हजार मीटरांच्या पुढें उद्भवतो, म्हणून निरोगी वृद्धानें भ्यावयाचें कारण नाहीं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून तिकीट काढूं नये.

राहण्याची जागा ठरवितांना तळ्याचें दृश्य दिसणारी खोली सर्वजण मागतात. अशी खोली बहुधा वरच्या मजल्यावर असते. आजीआजोबांसाठीं तळमजला, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, न्हाणीघरांत धरावयास दांडा आणि रात्रीं उठल्यावर हाताशीं लागेल असा दिवा, हें सर्व दृश्याच्या आधीं मागावें. स्वयंपाकघरासह बंगला घेण्याचा मोह अनेकांस होतो. पथ्याचें खाणें सांभाळतां येतें आणि खर्चहि कमी येतो, हें खरें. पण मग घरच्या सुनेनें तेथेंहि दोन्हीं वेळ पोळ्याच लाटावयाच्या असतील, तर ती सुटी नक्की कोणाची, याचा निर्णय निघण्यापूर्वींच व्हावा. दवाखान्याचें अंतर तर प्रत्येक वेळीं विचारावें. महाबळेश्वर-पांचगणीस रुग्णालयें आहेत. भंडारदऱ्याहून गंभीर दुखण्यास अकोले किंवा संगमनेर गाठावें लागतें, आणि रात्रींच्या वेळीं तो रस्ता लांब वाटतो.

असें असूनहि ज्यांचे वडील अद्याप ताठ चालतात, त्या कुटुंबानें भंडारदरा एकदां अवश्य पाहावा, आणि तोहि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत. दिवसा ऊन असतें, तळें ओसरलेलें असतें. पण पर्यटन महामंडळाच्या निवासासमोर संध्याकाळीं वारा सुटतो, कळसूबाईच्या रांगा जांभळ्या होतात, आणि अंधार पडल्यावर पावसाआधींच्या त्या थोड्या रात्रींत झाडेंच्या झाडें काजव्यांनीं उजळून निघतात. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन देवळापर्यंत मोटार जाते, त्यामुळें वृद्धांस नावेची वाट पाहावी लागत नाहीं. काजवे मोटारीच्या कांचेंतून दिवे मालवूनहि दिसतात. रानांत शिरून त्यांना तुडविण्याची कोणासच गरज नाहीं.

मात्र परतीचा दिवस आधींच ठरवून निघावें. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत पाऊस येतो, आणि त्याबरोबर तळ्याच्या वरचे ओढे, जे काल कोरडे होते, ते घटकेंत भरून वाहूं लागतात. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण, त्यांत चार मुलें, अशीं सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. पाण्याचा लोंढा येण्यापूर्वीं तीं मंडळी ओढ्यांतल्या खडकावर उभीं होतीं. सुटी लांबली, पहिला पाऊस पडला आणि मुलांनीं ओढ्यांत खेळण्याचा हट्ट धरला, तर त्यांना व्हरांड्यांत आजोबांजवळ बसवावें आणि पाऊस तेथूनच दाखवावा. तेवढ्या कामासाठीं खोली तळमजल्यावरची असली म्हणजे सोयीचें पडतें.