पपई गोड होते ती झाडावर, गाडीत नाही



दर चांगला निघाला की हिरवी पपईपण तोडून द्यावीशी वाटते. "केळी नाही का कच्चीच तोडतो? रायपनिंग चेंबरमध्ये गोड होतेच की!" असं बरेच सभासद विचारतात. केळीचं खरं आहे, पपईचं तसं नाही. का ते बघा.

*साखर येते कुठून?*
साखर पानात तयार होते. पाण्यात विरघळून ती सालीतल्या रसवाहिन्यांमधून जाते आणि देठावाटे फळात उतरते.

🍌 *केळी* ही साखर स्टार्च, म्हणजे पिठूळ द्रव्य करून साठवते. हिरव्या केळीच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो. घड तोडल्यावर त्याचीच साखर होते. केळी आपली शिदोरी सोबत घेऊनच निघते.

🟢 *पपईच्या* गरात स्टार्च जवळजवळ नसतोच. पानातून आलेल्या साखरेचं फळातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ही गोडी शेवटच्या काही आठवड्यांत भराभर भरते. देठ तुटला की पुरवठा बंद! कागदात गुंडाळलेलं फळ गाडीत पिवळं होतं, मऊ पडतं, पण त्यात नवी साखर येत नाही. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुन्हा घेत नाही, आणि मग आपल्याच मालाचा दर पडतो.

*म्हणून एवढं करा:*
१) फळाला डोळा पडल्यावरच, म्हणजे टोकाकडे पिवळी छटा दिसल्यावरच तोडा. एखाद्या फळाला नख लावून बघा. चीक दुधासारखा घट्ट असेल तर थांबा, पाण्यासारखा पातळ झाला तर फळ तयार आहे.
२) हिरवी पानं काढू नका. फक्त वाळलेली, पिवळी पडलेली काढा.
३) व्हायरसने पानं गेलेल्या झाडाचं फळ फिकं लागतं. तो माल वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळू नका.
४) पिकलेल्या फळाच्या रसाचा ब्रिक्स मोजा. हवाई बेटांवरच्या प्रतवारीत किमान ११.५ टक्के लागतो. आपला किती भरतो ते कळू द्या.

तोडणी व्यापाऱ्याच्या मजुरांकडून होत असेल तर पहिल्या दिवशी स्वतः शेतात उभे राहा आणि कोणतं फळ तोडायचं ते दाखवून द्या. शंका असेल तर फळाचा फोटो ग्रुपवर टाका.