ऑनलाइन दुकानांचे शेअर (भाग ५): एका ऑर्डरमागचा हिशेब

आयपीओचे माहितीपत्रक कुठून वाचायला घ्यायचे, ते मागच्या भागात पाहिले. ऑनलाइन दुकानाच्या माहितीपत्रकात पहिल्या काही पानांतच एक मोठा आकडा भेटतो, जीएमव्ही. म्हणजे त्या वर्षात ॲपवरून झालेल्या सगळ्या ऑर्डरींची एकूण किंमत. बातम्यांचे मथळे याच आकड्यावर होतात आणि अनेक जण तो कंपनीचा गल्ला समजून अर्ज भरतात. आजचा भाग त्यांच्यासाठी आहे.

समजा, छापील किंमत १,००० रुपये असलेली लिपस्टिक २० टक्के सवलतीत विकली गेली. ग्राहकाने दिले ८००. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, तो वजा केला की उरतात ६७८. काही कंपन्यांच्या व्याख्येत सवलत, कर आणि परत आलेला माल वजा करण्याआधीची रक्कम धरली जाते, म्हणून जीएमव्हीत ही ऑर्डर १,००० रुपयांची दिसते. नफा-तोटा पत्रकात ती ६७८ ची असते. आता पुढे जाऊ. माल कंपनीला ४५० ला पडला. कुरिअरचे ६०, खोक्याचे १५, गोदामातल्या हाताळणीचे ३०, पैसे भरण्याच्या सोयीचे १०. हातात राहिले ११३. यातून अजून पगार, सॉफ्टवेअर, कार्यालयाचे भाडे आणि जाहिरात निघायची आहे. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण खर्चांचा क्रम सगळीकडे असाच असतो.

खरी गोम जाहिरातीत आहे. हा ग्राहक मिळवायला ३०० रुपये खर्च झाले असतील, तर पहिल्या ऑर्डरीत १८७ रुपयांचा तोटा आहे. तोच ग्राहक जाहिरातीशिवाय दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला तर खर्च भरून निघतो. नाही आला तर नाही. म्हणून मला नव्या ग्राहकांच्या संख्येपेक्षा जुने किती परतले, हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. कपड्यांच्या धंद्यात आणखी एक भोक असते: माप बसले नाही म्हणून परत आलेला कुडता. कॅश ऑन डिलिव्हरीत तर दारातूनच पार्सल परत जाते. कुरिअर दोन्ही बाजूंचे, विक्री शून्य.

आता खरी कंपनी घेऊ. गुंतवणूक बँकेतली नोकरी सोडून फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये मुंबईत नायका सुरू केली. सौंदर्यप्रसाधने निवडण्यात फार शहाणपणा होता. माल हलका, किंमत चांगली, परत येण्याचे प्रमाण कपड्यांपेक्षा कमी, आणि संपली की पुन्हा घ्यावीच लागणारी वस्तू. शिवाय आपला माल ॲपवर ठळक दिसावा म्हणून ब्रँड जाहिरातीचे पैसे देतात, ते वेगळे. २०२०-२१ मध्ये कंपनीचा जीएमव्ही सुमारे ४,०४६ कोटी होता, महसूल सुमारे २,४४१ कोटी आणि निव्वळ नफा सुमारे ६२ कोटी. बहुतेक ऑनलाइन दुकाने तोट्यात असताना हा नफा खरोखर कौतुकाचा होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेअर १,१२५ रुपयांना विकला गेला. जवळपास ५,३५२ कोटींच्या या विक्रीत नवे भांडवल ६३० कोटींचेच होते. बाकीचे पैसे शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांकडे गेले. यात गैर काही नाही, पण आपले पैसे धंद्यात जाणार की कुणाच्या हातात, हे अर्ज करण्याआधी माहीत हवे. १० नोव्हेंबरला शेअर बाजारात आला आणि त्याच दिवशी २,२०० च्या पुढे बंद झाला. कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटींवर गेले. ६२ कोटींच्या नफ्याला एक लाख कोटी, म्हणजे वर्षाकाठच्या एका रुपया नफ्यासाठी १,६०० रुपयांहून अधिक.

२०२१-२२ मध्ये महसूल सुमारे ३,७७४ कोटींवर गेला. विक्री जोमात होती. नफा मात्र सुमारे ४१ कोटींवर आला, कारण ग्राहक मिळवण्याचा आणि फॅशनच्या नव्या धंद्याचा खर्च वाढला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये भाव आयपीओच्या किमतीखाली गेला. धंदा बुडाला नव्हता. पहिल्या दिवशी दिलेली किंमत त्या धंद्याला पेलणारी नव्हती, एवढेच. (जुने भाव आज पाहताना गोंधळ होतो: नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाला पाच बक्षीस शेअर मिळाले, त्यामुळे तेव्हाचे १,१२५ म्हणजे आजच्या हिशेबात १८७ रुपये ५० पैसे.)

महाग घेतलेला शेअरही शेवटी फळतो, हे पटवायला ॲमेझॉनचा दाखला देतात, म्हणून तोही तपासू. १९९७ मध्ये बाजारात आलेला हा शेअर डिसेंबर १९९९ मध्ये शंभरावर होता आणि २००१ मध्ये सहा डॉलरच्याही खाली. पहिला तिमाही नफा २००१ च्या अखेरीस झाला, सुमारे ५० लाख डॉलर. कंपनी तगली याचे एक कारण ग्राहकाचे पैसे आधी येत आणि पुरवठादाराला नंतर द्यावे लागत, हे होते. नफा नसतानाही रोकड फिरत राहिली. तरीही १९९९ च्या शिखरावर घेणाऱ्याला आपले मुद्दल परत दिसायला जवळजवळ दहा वर्षे लागली. शिवाय पुढे ॲमेझॉनच्या नफ्याचा मोठा भाग दुकानातून आलाच नाही, तो क्लाउडच्या व्यवसायातून आला. ‘हा भारताचा ॲमेझॉन’ असे कुणी सांगितले, तर त्याला तो दुसरा व्यवसाय कुठे आहे, ते आधी विचारावे.

तुमच्याकडे यातला एखादा शेअर असेल, तर पुढच्या तिमाही निकालात महसुलाच्या तुलनेत जाहिरात आणि वितरण खर्चाचे प्रमाण काढा, आणि मागच्या चार तिमाहींशी ताडून पाहा. विक्री वाढताना हे प्रमाण घटत असेल, तर जुने ग्राहक परतत असण्याची शक्यता चांगली.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या फर्स्टक्रायचे माहितीपत्रक उघडू. तोट्यात असलेली ही कंपनी ऑगस्ट २०२४ मध्ये ४६५ रुपयांना बाजारात आली. अशा कंपन्यांच्या आयपीओत किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा सेबीने १० टक्क्यांपर्यंतच का ठेवला आहे, तेही तिथेच पाहू.