एका यंत्रातली अनेक बिऱ्हाडे : मोजायचे कोणी आणि कसे?

सर्व्हर म्हणजे अखंड चालू राहून इतर संगणकांना सेवा देणारे यंत्र. अशा एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदवणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. वाड्यात बिऱ्हाडे असावीत तसेच हे. फक्त इथे प्रत्येक बिऱ्हाडकरूला सबंध वाडा आपलाच वाटतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली आणि १९७४ साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा प्रणालींच्या कसोट्या मांडल्या : आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्रासारखीच वागणूक मिळावी, त्याचा वेग फारसा घटू नये आणि साधनसामग्रीवरचा ताबा हायपरव्हायजरकडेच राहावा.

यातले भांडण 'फारसा' या शब्दाचे. ज्याने जी प्रणाली विकत घेतली, तो तिचीच तरफदारी करतो. आधी पैसे, मग मत असा हा क्रम!

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली 'झेन' या हायपरव्हायजरवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात व्हीएमवेअर कंपनीच्या वर्कस्टेशन या उत्पादनाशी तुलना आहे, पण सर्व्हरसाठीच्या ईएसएक्सचे आकडे नाहीत. परवान्याच्या अटींमुळे ते छापता येत नाहीत, असे लेखकांनी तिथेच नोंदवले आहे. वस्तू विकत घ्या, वापरा, मात्र मोजून बोलू नका! मला ही अट कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

झेन मात्र मुक्त प्रणाली होती. त्यामुळे अमेरिकेतल्या क्लार्कसन विद्यापीठातल्या एका गटाने, प्राध्यापिका जेना मॅथ्यूज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, केंब्रिजचे प्रयोग स्वतः पुन्हा केले आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. केंब्रिजचे दावे टिकले. पण गट तिथे थांबला नाही. जुन्या साध्या पीसीवर झेन चालेल का, आयबीएमच्या मेनफ्रेमपुढे ते कसे दिसेल, हेही त्यांनी तपासले. मूळ लेखकांना न पडलेले प्रश्न दुसऱ्याला पडतात, हा फेरतपासणीचा खरा लाभ.

२००७ साली व्हीएमवेअरने झेनशी तुलना करून ईएसएक्स सरस असल्याचे दाखवले. लगेच झेनसोर्स या कंपनीचे उत्तर आले, त्यात दोन्ही जवळपास बरोबरीत! खोटे कोणी बोलत नव्हते. पहिल्या चाचणीत झेनची मुक्त आवृत्ती होती. दुसरीत झेनसोर्सची व्यापारी आवृत्ती, जिच्यात विंडोजसाठी खास ड्रायव्हर होते. निकाल काय लागणार, ते बरेचसे स्पर्धक निवडतानाच ठरले होते.

स्वतः तपासायचे तर खर्च मोठा नाही. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे; ठीकठाक पीसी पुरतो. आपल्या रोजच्या कामाचाच नमुना घ्यावा, तो आधी नुसत्या यंत्रावर आणि मग आभासी यंत्रात अनेकदा चालवावा. वेळ मात्र बाहेरच्या घड्याळाने मोजावा. आभासी यंत्राला प्रोसेसर सतत मिळत नाही, त्यामुळे त्याच्याकडे येणारे घड्याळाचे ठोके उशिरा पोहोचू शकतात. आतले घड्याळ मागे पडले, तर संथ कामही चपळ भासते. परीक्षार्थीच्याच मनगटावरचे घड्याळ परीक्षकाने वापरावे, तसा हा प्रकार.

एकट्या बिऱ्हाडाची चाचणी अपुरीच. खरी परीक्षा एखादा बिऱ्हाडकरू धिंगाणा घालू लागला की होते. क्लार्कसनच्या गटाने २००७ साली नेमके तेच केले. एका आभासी यंत्रात मुद्दाम स्मृती गिळणारे, प्रक्रियांची बेसुमार पिलावळ काढणारे प्रोग्रॅम सोडले आणि शेजारच्या यंत्रांवर काय परिणाम होतो ते मोजले. स्वतंत्र यंत्राचा आभास पुरता उभा करणाऱ्या प्रणालींत शेजारी बरेचसे शाबूत राहिले. एकच गाभा वाटून घेणाऱ्या कंटेनर पद्धतीत त्यांनाही झळ पोहोचली. वेगाच्या तक्त्यात हा फरक दिसला नसता.